पाचशेचं जनावर, पाच हजारांचा खर्च

बिल दोन हजार तीनशे पन्नास रुपयांचं होतं. तपासणी ५००, एक्स-रे ८००, इंजेक्शन आणि ड्रॉप्स ६५०, आठवड्याने दुसरी तपासणी ४००. साकोली ते नागपूर हे अंतर शंभरेक किलोमीटर. दोन खेपा झाल्या, त्याचं पेट्रोल आणि टोल धरला तर आकडा पाच हजारांच्या आसपास गेला. ज्याच्यासाठी हा खर्च केला तो टिल्लू, म्हणजे आमचा गिनीपिग, दुकानात पाचशे रुपयांना मिळाला होता.

बाबांनी बिल वाचलं, घडी करून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "पाचशेचं जनावर, न् पाच हजारांचा खर्च. काहून रे, हिशेब समजते का तुले?"

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, हिशेब समजतो. तरी त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. पुढचे काही महिने रात्री लॅपटॉप बंद करायच्या आधी मी ह्याच प्रश्नाभोवती वाचत बसलो. जनावराची किंमत नेमकी कोण ठरवतं? गायीचा डॉक्टर तालुक्यात आहे, मग गिनीपिगचा शंभर किलोमीटरवर का? आणि दुकानदार ज्या पिंजऱ्यातून प्राणी विकतो, त्या पिंजऱ्याबद्दल कुणी कधी काही ठरवलं आहे की नाही?

आधी झालं काय ते सांगतो.

टिल्लू आणि त्याचा जोडीदार

दिवाळीनंतर पुतणीच्या वाढदिवसाला मी नागपूरच्या एका दुकानातून गिनीपिगची जोडी आणली. एक पांढरा-तपकिरी, एक काळा. ते दोघं ज्या पिंजऱ्यात होते त्यात आणखी आठ-दहा होते, आणि वरच्या पिंजऱ्यातल्या पक्ष्यांची घाण खाली पडत होती. मी विचारलं, हे खातात काय? दुकानदार म्हणाला, "काहीही खाते. गहू टाका, मका टाका, पोळी द्या. काही त्रास नाही." त्याने एक बिल दिलं, तेही मागितल्यावर. त्यावर "१ जोडी" एवढंच लिहिलं होतं.

आम्ही गहू टाकला, मका टाकला, पोळी दिली. पुतणी रोज सकाळी शाळेत जायच्या आधी वाटी भरायची.

चौथ्या आठवड्यात काळा मेला. आदल्या दिवशी तो कोपऱ्यात बसून होता, उचललं की चिरकायचा. आम्हाला वाटलं थंडी बाधली. त्याला सीताफळाच्या झाडाखाली पुरलं. आठवड्याभरात टिल्लूही मागचे पाय ओढायला लागला.

मी त्याला खोक्यात घालून जवळच्या गुरांच्या दवाखान्यात नेलं. तिथे एक म्हातारा परिचर होता. त्याने खोक्यात डोकावलं आणि आधी हसला. मग टिल्लूचे पाय बघून गंभीर झाला. "भाऊ, आमच्याकडे गाय, म्हैस, बकरी. लई झालं तर कुत्रा. हे आमच्या वहीत नाही बसत जी." डॉक्टर आले, त्यांनी टिल्लूला हातात घेऊन नीट बघितलं, आणि स्पष्ट सांगितलं की या प्राण्याचा मला अनुभव नाही, अंदाजाने इंजेक्शन देणार नाही, नागपूरला न्या. तेव्हा मला राग आला होता. एवढा डॉक्टर माणूस, एक इंजेक्शन देता येत नाही?

ते इंजेक्शन दिलं नाही म्हणून टिल्लू आज जिवंत आहे असं मला आता वाटतं. पण त्याआधी त्या वहीबद्दल, जिच्यात टिल्लू बसत नव्हता.

पहिलं पान: घोडा

आपल्याकडे जनावरांचे वैद्य फार जुने आहेत. घोड्यांच्या वैद्यकाची परंपरा शालिहोत्राच्या नावाने सांगितली जाते. त्याच नावावरून घोड्यांच्या वैद्याला 'सलोत्री' म्हणायचे, आणि हा शब्द इंग्रजांच्या कागदपत्रांतही शिरला. पण सरकारी पैशाने चालणारी, पगारी, पदवी देणारी पशुवैद्यकी आली ती लष्करामुळे. १८६२ साली पुण्यात लष्कराची पशुवैद्यक शाळा निघाली. घोडदळ आणि तोफा ओढणारी जनावरं धडधाकट राहावीत एवढाच तिचा हेतू होता.

दुसरं पान बैलाचं. एकोणिसाव्या शतकात बुळकांडी नावाचा रोग गावंच्या गावं साफ करायचा. ताप, तोंडात फोड, हगवण, आणि काही दिवसांत जनावर आडवं. बैल मेला की नांगर थांबला, नांगर थांबला की शेतसारा थांबला. सारा थांबल्यावर सरकारला जाग आली. जे. एच. बी. हॅलन या लष्करी पशुवैद्याच्या नेतृत्वाखाली 'कॅटल प्लेग कमिशन' नेमलं गेलं आणि १८७१ साली त्याचा अहवाल आला. ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आपण ज्याला सीओईपी म्हणतो तिथे, 'इम्पीरिअल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी' सुरू झाली. माझे कितीतरी मित्र सीओईपीत शिकले, त्यांतल्या एकालाही हे ठाऊक नव्हतं. रोगाचे जंतू गर्दीच्या शहरात सांभाळणं धोक्याचं म्हणून १८९३ मध्ये ती प्रयोगशाळा हिमालयात मुक्तेश्वरला हलवली.

पुढची शंभर वर्षं या रोगाविरुद्ध जे काम झालं ते खरंच मोठं आहे. लसी निघाल्या, गावोगाव टोचल्या गेल्या, आणि २०११ साली बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं. माणसाच्या देवीनंतर पृथ्वीवरून पूर्ण पुसलेला हा दुसरा रोग. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हाही महाराष्ट्रात गोठ्यागोठ्यात जाऊन गायी-बैलांना मोफत लस दिली गेली. म्हणजे यंत्रणेने मनावर घेतलं तर काय होऊ शकतं, हे आपण पाहिलेलं आहे.

आमचे आजोबा भाताचे शेतकरी. त्यांच्या तोंडी 'ढोराचा दवाखाना' हा शब्द होता. आज आमच्या भागात तालुक्याच्या ठिकाणी पशुधन विकास अधिकारी असतो, गावाकडे पर्यवेक्षक असतो. 'पशुधन' या शब्दातच सगळं आलं. धन आहे म्हणून डॉक्टर आहे. भंडारा हा तलावांचा, धानाचा जिल्हा. इथे बैल, रेडा, दुधाची म्हैस आणि परसातली कोंबडी यांच्यावर घर चालायचं, त्यामुळे सरकारने इथे जो दवाखाना बांधला तो त्यांच्यासाठी बांधला. यात काही चूक नाही. फक्त हे लक्षात ठेवायचं की त्या वहीची पानं आखताना ओळी कुणाच्या मापाने आखल्या गेल्या.

पशुगणनेचंही तसंच. १९१९ पासून ती दर काही वर्षांनी होते. २०१९ ची विसावी. तिच्यात याक आहे, ईशान्येकडचा मिथुन आहे, कुत्रा आहे, ससाही आहे. गिनीपिग नाही, हॅमस्टर नाही. मोजलेलंच नाही, तर त्याच्यासाठी डॉक्टर किती लागतील हा प्रश्न कुठल्या तक्त्यात येणार?

दहा रुपयांचा कायदा

बाबांचा प्रश्न किमतीचा होता, म्हणून मी कायदा उघडला आणि तिथे मला बाबाच भेटले.

१८६० च्या भारतीय दंड संहितेचं कलम ४२८ म्हणत होतं की दहा रुपये किंवा त्याहून जास्त किमतीचा प्राणी कुणी मारला, विष दिलं किंवा लुळा केला तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा. कलम ४२९ मध्ये हत्ती, उंट, घोडा, खेचर, म्हैस, बैल, गाय यांची नावं दिलेली होती. त्यांची किंमत कितीही असो, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. इतर प्राणी या मोठ्या कलमात यायचा असेल तर त्याची किंमत किमान पन्नास रुपये हवी.

ही कलमं क्रौर्याच्या प्रकरणात नव्हती. ती 'आगळीक' या गुन्ह्याखाली होती, म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान. पीडित कोण, तर मालक. प्राणी ही त्याची वस्तू. १८६० चे दहा रुपये म्हणजे मोठी रक्कम होती. साध्या माणसाचं कुत्रं किंवा पिंजऱ्यातला पोपट तिथवर पोचलाच नसता. पुढे रुपया घसरत गेला आणि आकडा तोच राहिला, म्हणून दीडशे वर्षांत हळूहळू सगळेच प्राणी कायद्यात आले. कुणी ठरवून आणले नाहीत, महागाईने आणले.

प्राण्याच्या वेदनेसाठीचा कायदा वेगळा. १८९० मध्ये एक आला, आणि स्वातंत्र्यानंतर नर्तकी रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खासगी विधेयक आणून तो विषय पुन्हा उभा केला. त्यातून १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. त्याच्या कलम ११ मध्ये मारहाण, कोंबून नेणं, हालचाल करता येणार नाही एवढ्या लहान पिंजऱ्यात ठेवणं, अन्नपाणी न देणं, हे सगळं गुन्हा ठरवलं आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? किमान दहा रुपये, कमाल पन्नास. हा आकडा मी जेव्हा वाचला तेव्हा कायदा अजून तोच होता. साकोलीच्या बसस्टँडवर पन्नास रुपयांत दोन माणसांचा चहा-नाश्ता धड होत नाही.

परळमधले शेजारी

लहान प्राण्यांची कहाणी विदर्भात सापडेना, म्हणून मुंबईचं वाचलं.

१८३२ च्या जूनमध्ये मुंबईत दंगल झाली ती कुत्र्यांवरून. भटकी कुत्री मारण्याचा हुकूम होता आणि मारणाऱ्याला कुत्र्यामागे आठ आणे मिळत. बक्षिसाच्या लोभाने शिपाई घराच्या आवारातली कुत्रीही ओढून नेऊ लागले. पारशी समाजात कुत्रा पवित्र, अंत्यविधीतही त्याला स्थान. त्यांनी दुकानं बंद केली, हिंदू आणि जैन व्यापारी त्यांना मिळाले, आणि फोर्टातलं कामकाज ठप्प झालं. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जिजीभॉय आणि गुजराती-जैन व्यापाऱ्यांनी मुंबईची पांजरापोळ उभी केली. म्हणजे कुत्र्याला सरकारी दप्तरात पहिली ठळक किंमत मिळाली ती मेल्यावरची, आणि त्याला जागा मिळाली ती लोकवर्गणीतून.

१८७४ मध्ये मुंबईत प्राणी क्रूरता प्रतिबंधक संस्था स्थापन झाली. दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाने जनावरांचं रुग्णालय उभं राहिलं. त्याच आवारात २ ऑगस्ट १८८६ रोजी मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. पहिले प्राचार्य जे. एच. स्टील. ते रुग्णालय आजही चालू आहे. आपल्या नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय यायला १९५८ साल उजाडावं लागलं.

परळमध्येच पुढे आणखी एक संस्था आली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत लस बनवायला घेतली. लस आधी सशांवर तपासली. ससे वाचले, तेव्हा १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. आजची हाफकिन संस्था ती हीच.

म्हणजे एकाच परळमध्ये, एकाच काळात, दोन दारं होती. एका दारातून टांग्याचा घोडा आणि गाडीचा बैल उपचारासाठी आत जात होता. दुसऱ्या दारातून ससा आत जात होता, माणसासाठी. लहान प्राणी विज्ञानाच्या वहीत आला तो असा, रुग्ण म्हणून आलाच नाही.

पोळी खाणारे गिनीपिग

गिनीपिग तर या दुसऱ्या दाराचा जुना गिऱ्हाईक. मूळचा दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतातला, तिथे लोक त्याला हजारो वर्षं घरात पाळून खात आले. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी त्याला युरोपात नेलं. श्वास म्हणजे एक प्रकारचं संथ ज्वलनच, हे दाखवायला लाव्वाझिएने १७८० च्या दशकात गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या उपकरणात बसवलं. रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये क्षयाचा जंतू सिद्ध केला तोही गिनीपिगमध्ये रोग निर्माण करून.

आणि मग १९०७. नॉर्वेत अ‍ॅक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिख हे दोघे खलाशांच्या एका आजाराचा शोध घेत होते. त्यांनी गिनीपिगना नुसतं धान्य आणि पाव खायला घातला. काही आठवड्यांत त्यांचे सांधे सुजले, हिरड्यांतून रक्त आलं, चालता येईना, आणि ते मेले. त्यांना स्कर्व्ही झाला होता. कोबी किंवा लिंबाचा रस दिला की ते बरे होत. गाय, कुत्रा, उंदीर, ससा हे क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. माणूस, माकडांच्या बऱ्याच जाती आणि गिनीपिग यांना ते जमत नाही. त्या दोघांच्या पिंजऱ्यांमुळे स्कर्व्ही प्रयोगशाळेत अभ्यासता आला, आणि पुढे क जीवनसत्त्व सापडलं.

धान्य आणि पाव. मी हे वाचलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. आम्ही काय दिलं होतं? गहू, मका आणि पोळी. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी ओस्लोत झालेला प्रयोग आम्ही साकोलीत, वाढदिवसाची भेट म्हणून, जसाच्या तसा पुन्हा केला होता. काळा ज्याने मेला त्या रोगाचा उपाय आमच्या अंगणात झाडाला लटकत होता. हिवाळ्याचे दिवस, जामाचं झाड (आमच्याकडे पेरूला जाम म्हणतात) ओथंबलेलं. जामात संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त क जीवनसत्त्व असतं, आणि आम्ही नागपुरी संत्र्याच्या टापूतले लोक.

नागपूरच्या डॉक्टर बाईंनी पहिला प्रश्न तोच विचारला होता. "खायला काय देता?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, टिल्लूचं तोंड उघडून हिरड्या दाखवल्या, पाय मोडला नाही ना हे बघायला एक्स-रे काढला, आणि म्हणाल्या, स्कर्व्ही आहे. मी विचारलं, आधीच्या डॉक्टरांनी निदान एखादं अँटिबायोटिक तरी द्यायला हवं होतं का? त्या म्हणाल्या, बरं झालं नाही दिलं. पेनिसिलीनच्या जातीची औषधं गिनीपिगच्या पोटातले चांगले जंतू मारतात, आणि त्यात तो दगावतो.

याचाही इतिहास आहे. २५ मे १९४० रोजी ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी यांनी पेनिसिलीनचा निर्णायक प्रयोग केला तो आठ उंदरांवर. हाताशी उंदरांऐवजी गिनीपिग असते तर ते औषध विषारी म्हणून बाजूला पडलं असतं, असं आजही वैद्यकाच्या वर्गात सांगतात. आमच्या गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना हा इतिहास माहीत होता की नाही, कोण जाणे. त्यांना एवढं माहीत होतं की आपल्याला हे माहीत नाही. माझ्या क्षेत्रात ही गोष्ट फार कमी लोकांना जमते.

दुकानाचे नियम उशिरा आले

आपल्या दुकानांत परदेशी प्राणीच का दिसतात यालाही एक कारण आहे. पूर्वी घरोघरी पिंजऱ्यात मिठू असायचा. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि पुढे १९९०-९१ च्या सुमारास आलेली बंदी यांमुळे देशी पक्ष्यांचा व्यापार बेकायदा झाला. आज पोपट पाळणं हा गुन्हा आहे, हे आमच्या नागझिऱ्याच्या काठावर राहणाऱ्या कितीतरी लोकांना अजून पटत नाही. दुकानात मग उरले ऑस्ट्रेलियाचे बजरीगर (ज्यांना आपण सर्रास लव्हबर्ड म्हणतो), सीरियाचे हॅमस्टर आणि अँडीजचे गिनीपिग. म्हणजे देशी प्राण्याला कायद्याने जंगल दिलं, आणि परदेशी प्राण्याला दुकान मिळालं. पण त्यांच्याबद्दलचं ज्ञान त्यांच्याबरोबर आलं नाही. गायीला काय झालं की काय द्यायचं हे आमच्या आजीलाही कळायचं. गिनीपिगबद्दल गावात कुणाची आजी काही सांगू शकत नाही.

आता दोन तारखा शेजारी ठेवून बघा.

प्रयोगशाळेतल्या प्राण्यांसाठी १९६० च्याच कायद्याखाली समिती आहे, आणि १९९८ मध्ये प्रयोगांवर देखरेख करणारे नियम आले. नोंदणी, निरीक्षण, आणि मार्गदर्शक सूचनांत कुठल्या वजनाच्या गिनीपिगला किती जागा हवी याची तक्त्यात दिलेली मापं.

दुकानातल्या प्राण्यांसाठी विधी आयोगाने २०१५ च्या ऑगस्टमध्ये २६१ क्रमांकाचा अहवाल दिला. पाळीव प्राण्यांची दुकानं आणि पैदास करणारे यांच्यावर काहीच नियंत्रण नाही, नियम करा, असं त्यात सांगितलं. २०१७ मध्ये कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम आले आणि २०१८ मध्ये दुकानांचे.

वीस वर्षांचं अंतर. ज्या गिनीपिगवर औषध तपासायचं त्याच्या पिंजऱ्याचं माप आधी ठरलं, कारण पिंजरा चुकला तर प्रयोगाचा निकाल चुकतो. ज्याला एक मूल घरी नेऊन नाव ठेवणार होतं, त्याचं माप नंतर ठरलं.

२०१८ चे नियम वाचायला अवघड नाहीत, आणि फोनवर वाचता येतात. दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, ती पाच वर्षं चालते. प्राण्यांना किती जागा हवी याच्या अनुसूची आहेत. प्राणी कुठून आणला, कुणाला विकला, किती आजारी पडले, किती मेले याच्या नोंदी ठेवायच्या आहेत. आजारी प्राण्याला पशुवैद्याकडून उपचार द्यायचे आहेत. आठ आठवड्यांच्या आतलं कुत्र्याचं पिल्लू विकता येत नाही. मी प्राणी घेतला त्या दुकानात मला नोंदणीचा कागद भिंतीवर दिसला नाही, आणि खरं सांगायचं तर मी बघितलाही नाही. मोबाईल घेताना आपण वॉरंटी विचारतो. इथे मी फक्त "किती देऊ?" विचारलं.

नियम पाळले असते तरी काळा वाचला असता का? कदाचित नसता. त्याला हवं होतं ते एक वाक्य, 'रोज हिरवा पाला आणि जाम द्या'. पण नोंदी ठेवाव्या लागणाऱ्या दुकानदाराला आपल्याकडचे प्राणी कशाने मरतात हे कधीतरी दिसतं. ज्याच्याकडे वही नाही, त्याच्यासाठी प्रत्येक मेलेला प्राणी हा पहिलाच असतो.

पाच हजार कुठे जातात

आता खर्चाकडे. गायीची तपासणी सरकारी दवाखान्यात नाममात्र शुल्कात होते, कारण तिच्या डॉक्टरचा पगार, इमारत, लस हे सगळं दीडशे वर्षांत सरकारने उभं केलं. टिल्लूच्या मागे असं काही उभं नाही. त्याच्या डॉक्टरने लहान प्राण्यांचं वेगळं शिक्षण स्वतःच्या पैशाने घेतलं, एक्स-रे मशीन कर्ज काढून आणलं असेल, आणि दिवसाला असे पेशंट किती येतात? थोडे. तो सगळा खर्च त्या थोड्यांत वाटला जातो. नागपूरच्या डॉक्टर बाईंनी मला लुटलं नाही. मी एका प्राण्यासाठी, एका भेटीत, त्या न बांधलेल्या दवाखान्याचा माझा हिस्सा भरला.

हा प्रश्न गरिबाचाच आहे असंही नाही. रतन टाटांना त्यांच्या कुत्र्याच्या सांध्याच्या शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात जावं लागलं, आणि तिथे पोचेपर्यंत उशीर झाला होता. २०२४ मध्ये मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं १६५ कोटींचं रुग्णालय सुरू झालं. त्याचं नावच 'स्मॉल अ‍ॅनिमल हॉस्पिटल' आहे. मुंबईहून त्यांना मिनेसोटा लांब पडलं, आम्हाला साकोलीहून नागपूर.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट झाली, जिची बातमी फारशी झाली नाही. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३२५ मध्ये 'कोणताही प्राणी' एवढंच आहे. दहा रुपये गेले, पन्नास रुपये गेले, हत्ती-घोड्यांची यादी गेली. कलम अजून मालमत्तेच्या प्रकरणातच आहे, पण प्राण्याची किंमत विचारणं कायद्याने १६४ वर्षांनी सोडलं.

हे मी बाबांना सांगितलं. ते पोर्चमध्ये धानाच्या बिलांचा हिशेब करत बसले होते. म्हणाले, "कायद्याने सोडलं, पन दुकानदाराने नाही सोडलं ना."

मग थोडा वेळ थांबून त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी मी पहिल्यांदाच ऐकली. आजोबांचा एक बैल म्हातारा झाला होता. कामाचा उरला नव्हता, बाजारात कुणी फुकट नेला नसता. पावसाळ्यात त्याच्या खुराला अळ्या पडल्या. आजोबा रोज संध्याकाळी त्याचा पाय मांडीवर घेऊन धुवायचे, औषध भरायचे. आजी म्हणायची, कशाला? आजोबा उत्तर द्यायचे नाहीत. महिनाभर चाललं. त्या वर्षीच्या पोळ्याला तो बैल तोरणाखाली उभा होता.

"त्याचा हिशेब का होता?" मी विचारलं.

"नव्हता," बाबा म्हणाले, आणि चष्मा लावून पुन्हा कागदांकडे वळले.

टिल्लू आता चालतो. डावा मागचा पाय किंचित ओढतो, तो तसाच राहील असं डॉक्टर म्हणाल्या. पुतणीने वहीचं एक पान फाडून पिंजऱ्यावर चिकटवलं आहे. त्यावर वजन, तारीख आणि 'आज काय खाल्लं' असे तीन रकाने आहेत. कालच्या ओळीत लिहिलं आहे: सांभार एक जुडी, जाम अर्धा, पोळी नाही.